आधीच लिहून ठेवलेलं ‘हो’

३ ऑक्टोबर, सोमवार

आज साहेबांनी नवं लचांड गळ्यात मारलं. आमच्या ठाकूरद्वारच्या एवढ्याशा कंपनीची जेवढी गिऱ्हाइकं आहेत, त्या सगळ्यांकडचं जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर दिवाळीच्या आत काढून टाकायचं. परवाना संपतोय. त्याच्या जागी फुकटातलं नवं टाकायचं. गिऱ्हाइकं म्हणजे कोण, तर एक वाचनालय, दोन दवाखाने, एक नाट्यमंडळ आणि परळचं ललिताताईंचं रक्तदाता मंडळ. जायचं मलाच. साहेबांची कंबर धरते.

हे सॉफ्टवेअर काढायला गेलं की रुसलेल्या जावयासारखं वागतं. पावलोपावली प्रश्न. खरंच काढू? हा फोल्डर ठेवू? डेटासुद्धा पुसू? पुन्हा एकदा विचारतो, खात्री आहे ना? एकेका ठिकाणी अर्धा दिवस ह्याची समजूत काढण्यात जाईल.

पण त्यावर एक तोड आहे. सगळ्या प्रश्नांची उत्तरं एका कॉन्फिगरेशन फाइलीत आधीच लिहून ठेवायची, आणि सॉफ्टवेअरला सांगायचं की बाबा रे, काय विचारायचंय ते ह्या फाइलीला विचार आणि गुपचूप चालता हो. पडद्यावर एक खिडकी उघडत नाही. आज बसून ती फाइल लिहिली.

६ ऑक्टोबर, गुरुवार

वाचनालयात माझी फाइल पहिल्या झटक्यात चालली. चहा यायच्या आत काम खलास! ग्रंथपाल विचारत होते, ‘‘सुरू कधी करणार?’’ म्हटलं, ‘‘झालं पण.’’ त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

त्यांना डिस्क अगदी कोरी करून हवी होती, म्हणून ‘डेटाही पुसू?’ ह्या प्रश्नापुढे मी ‘हो’ लिहिलं आहे. हीच फाइल आता सगळीकडे फिरवणार. साहेब म्हणाले, ‘‘मीनाक्षी, तू आळशी आहेस म्हणूनच हुशार आहेस.’’ हे कौतुक समजायचं की काय, अजून ठरवलेलं नाही.

१० ऑक्टोबर, सोमवार

आज परळला, रक्तदाता मंडळात. चाळीतली तळमजल्याची खोली, दारावर लाल थेंब रंगवलेला. ललिताताई पूर्वी नर्स होत्या. गिरणी संपात कामगार रक्त विकायला रांगा लावायचे, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर त्यांनी हे मंडळ काढलं. कुणाला रक्त लागलं की त्या गटाचा माणूस शोधून फोन करायचा, आणि तो येऊन फुकट देणार. हजारो नावं आहेत. वह्या होत्या त्या सव्वीस जुलैच्या पुरात भिजून लगदा झाल्या. आता जे काही आहे ते संगणकात.

त्यातही ताईंचा खरा जीव आहे तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’च्या मोजक्या माणसांवर. ह्या गटाच्या माणसाला दुसरं कुठलंच रक्त चालत नाही. रक्तपेढीत ते सहसा मिळत नाही, माणूसच गाठावा लागतो. चाळी पाडल्या, लोक विरार, कल्याणला गेले. ताईंनी वर्षभर एकेकाचा नवा पत्ता शोधून संगणकात भरला.

मंडळात दोन संगणक आहेत. टेबलावरच्या मोठ्यात सगळा डेटा. कपाटातल्या म्हाताऱ्याला पडदासुद्धा नाही, तो फक्त बॅकअपसाठी. संध्याकाळी बॅकअप लावून निघाले. फोटो आणि तपासणीचे कागद धरून ढीगभर माल आहे, आणि कपाटातलं म्हातारं चालतं गोगलगाईच्या चालीने. उद्या संध्याकाळपर्यंत तरी बॅकअप चालेल.

उद्या खंडेनवमी. ताई म्हणाल्या, ‘‘पूजेला ये. आणि धोंडूमामांनाही घेऊन ये.’’ धोंडूमामा म्हणजे आमचे बाबा. पूर्वी इथे रक्त द्यायचे, म्हणून ओळख. पण ते येतील असं वाटत नाही. बाबा गिरणीत होते, आणि संपापासून त्यांनी हा सण केलेला नाही.

११ ऑक्टोबर, मंगळवार. खंडेनवमी

बाबा आले!

सकाळी उठते तो काय, बाबा दाढी करून, धुवट सदरा घालून तयार. लालबागच्या बाजारातून झेंडूचे हार स्वतः निवडून घेतले. फूलवाल्याशी हुज्जत घातली. आई गेल्यापासून त्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

गिरणीत ह्या दिवशी साचे, म्हणजे कापडाचे माग, धुऊन पुसून, हार घालून, सगळं खातं कसं बंद असायचं ते वाटेत सांगत होते. ‘‘आज हत्याराक हात लावूचो नाय. वर्षभर राबता, एक दिस त्याका पण आराम.’’ मंडळात शिरल्यावर त्यांनी आधी फडकं मागितलं. मोठा संगणक पुसला, कळफलक पुसला, मग कपाटातला. त्याच्यावर जरा वेळ हात ठेवून उभे राहिले.

‘‘हेच्या अंगात धग आसा गो,’’ म्हणाले.

मला हसू आलं. बाबा त्याला तापातलं पोर समजतात की काय! मग म्हणाले, ‘‘बंद कर सगळी. चालत्या हत्याराची पूजा करीत नाय.’’ मी पटापट सगळी बटणं दाबली. त्यांनी हळदकुंकू लावलं, हार घातले, नारळ फोडला आणि हात जोडले. डोळे मिटून किती तरी वेळ उभे होते. ताई, मंडळाचा शिपाई गणपत आणि मी, तिघंही मागे हात जोडून. गणपतच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही बाप गिरणीतलाच.

येताना बाबांनी स्वतःहून कटिंग चहा पाजला. आज मला खूप म्हणजे खूप बरं वाटतंय.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा झाला, सोनं लुटून झालं, पुन्हा कामाला. मंडळातलं जुनं सॉफ्टवेअर आज काढलं. फाइल दाखवली, आदेश दिला, एक अक्षर न बोलता गेलं. डेटासकट. नवंही लगेच टाकून दिलं. कपाटातलं म्हातारं बंदच होतं, गळ्यात अजून हार. ते सुरू करायचं तर हार काढावा लागला असता. बाबांनी घातलेला हार, राहू दे म्हटलं. सोमवारी त्याच्यातला बॅकअप नव्यात भरला की परळ संपलं.

१७ ऑक्टोबर, सोमवार

 अक्षर वेडंवाकडं येतंय.

म्हातारं सुरू केलं. बॅकअपची फाइल आहे, पण अर्धीच. उघडत नाही. कशानेही उघडत नाही. म्हणजे मंडळाचा डेटा कुठेच नाही. मोठ्या संगणकात नाही, कपाटात नाही, वह्या नाहीत.

मी तशीच बसले होते, तेवढ्यात दारात शिवडी कोळीवाड्याच्या तुळसाबाई. भायखळ्याच्या बाजारात मासळी विकतात. बरोबर सून, गुणवंती, दिवस भरत आलेली. डॉक्टरांनी सांगितलंय, वार खाली आहे, पोट कापूनच बाळंतपण करावं लागेल, रक्त फार जाईल. रक्त अंगात आधीच कमी. आणि तिचा गट बॉम्बे. दिवाळीच्या आत करायचं, पण रक्त देणारा माणूस हाताशी असल्याशिवाय हात लावणार नाहीत. फार थांबताही येणार नाही.

ताई हसून म्हणाल्या, ‘‘काळजी करू नका. ही आमची मीनाक्षी आत्ता नावं काढून देईल.’’

गुणवंतीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही रक्त मीच देणार आहे.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

काल ताईंना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘आठवतील तेवढी नावं आठवते.’’

आठवली चार. एकजण वारला. एकाची साठी उलटून गेली, वर मधुमेह. तिसरी बाई दुबईला. चौथा रामू. ‘‘पूर्वी भायखळ्याच्या चाळीत राहायचा, गिरणीत बदली कामगार होता, कोकणातला,’’ ताई म्हणाल्या. ‘‘चाळ पाडली. नवा पत्ता मीच टाइप केला होता गं. माझ्याच हाताने.’’ आडनावसुद्धा धड आठवेना. दुसऱ्या शहरांतल्या रक्तपेढ्यांना फोन लावणं चालू आहे. अजून कुणी ‘आहे’ म्हणालेलं नाही.

बॅकअप अर्धा कसा राहिला? म्हातारं आपोआप बंद पडणाऱ्यातलं नाही. कुणीतरी बंद केलं. गणपतला सवय आहे, झाडू मारताना दिसेल तो स्विच बंद करतो, वीज वाचवतो. मी ताईंसमोर एवढंच म्हटलं, ‘‘गणपतने कदाचित...’’ गणपत म्हणाला, ‘‘केला असंल मॅडम. मी आल्यावर पयले स्विचच बघतो. मला आठवत नाय, पण केला असंल.’’

ताईंनी त्याच्याकडून चाव्या मागून घेतल्या. मंडळ निघाल्यापासून त्या त्याच्या कंबरेला होत्या.

१९ ऑक्टोबर, बुधवार

जेवताना बाबांना सगळं सांगितलं. गुणवंतीचंही. ते भात कालवायचे थांबले.

‘‘माका सांग,’’ म्हणाले, ‘‘त्या कपाटातल्या मशिनीची रातपाळी चालू होती काय?’’

‘‘बाबा, संगणकाला पाळ्याबिळ्या नसतात,’’ मी खेकसले. जिवाला घोर लागलाय आणि ह्यांना गिरणी सुचतेय. ते ताट अर्धं टाकून उठले. बाबा अन्न टाकत नाहीत. मी जास्तच बोलले बहुतेक.

२२ ऑक्टोबर, शनिवार

डिस्क लॅमिंग्टन रोडला दिली होती, पुसलेलं परत काढणाऱ्या दुकानात. आज उत्तर मिळालं. मी जुनं काढलं त्याच दिवशी नवं टाकलं, ते नेमकं जुन्याच्या उरावर बसलं. थोडे फोटो निघाले. ओळीने चेहरे, खाली नाव नाही, पत्ता नाही. सगळे माझ्याकडे बघताहेत. मी दुकानातच रडले. दुकानदाराने गडबडून पंखा वाढवला.

मी ती फाइल पुन्हा पुन्हा उघडून वाचते. ‘डेटाही पुसू?’ त्यापुढे माझं ‘हो’. मला कुणी विचारलंच नाही असं म्हणायची सोय नाही. विचारू नकोस हे मीच सांगून ठेवलं होतं.

बाबांचं काय चाललंय कळत नाही. सकाळी चहाआधी बाहेर पडतात ते दिवेलागणीला येतात. पाय धुळीने माखलेले, चप्पल शिवून आणलेली. कुठे जाता विचारलं तर ‘‘हंयच, पाय मोकळे करूक.’’ काल विचारत होते, भायखळ्याची ती चाळ पाडली तेव्हा लोक कुठे गेले. मी म्हटलं, मला काय माहीत. पोरीवर आभाळ कोसळलंय आणि हे गप्पांचे अड्डे शोधत हिंडताहेत. राग येतो, आणि राग आला म्हणून पुन्हा अपराधी वाटतं.

२४ ऑक्टोबर, सोमवार

आता कळलं. देवा, कळलं नसतं तर बरं.

आज मंडळात कपाट आवरायला घेतलं. हार सुकून चुरा झाला होता, तो काढला. म्हाताऱ्याच्या बटणावर कुंकवाचं बोट. बाबा कुंकू लावत होते ते आठवलं. त्याच्या आधी बाबा म्हणाले होते, बंद कर सगळी. आणि बटण दाबलं मी. मंगळवार सकाळ. बॅकअप संध्याकाळपर्यंत चालणार होता, हे सोमवारी मीच ह्या डायरीत लिहिलंय. मागची पानं उलटून पाहिली. माझ्याच अक्षरात आहे. पडदा नव्हता, त्यामुळे ते मध्येच थांबलं तरी कुठे काही उमटलं नाही.

गणपतने काहीच केलेलं नाही.

ताईंना तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि बाबा डोळ्यांसमोर आले, हात जोडलेले, डोळे मिटलेले. इतक्या वर्षांनी त्यांनी पूजा केली. त्या पूजेमुळे एक बाई मरणाच्या दारात गेली, हे त्यांना कळलं तर? ते पुन्हा कधी कशाला फूल वाहणार नाहीत. मी कपाट बंद केलं.

बाहेर गणपत माझ्यासाठी चहा घेऊन उभा होता. ‘‘मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका. चूक माझी हाय.’’ मी तो चहा प्यायले. सगळा.

२६ ऑक्टोबर, बुधवार

गुणवंतीला रक्तस्राव सुरू झालाय. इस्पितळात नेलं. उद्या सकाळपेक्षा जास्त थांबता येणार नाही, रक्त मिळो न मिळो. ताई फोन सोडत नाहीत. मी इस्पितळाच्या जिन्यात बसून हे लिहितेय, कारण आत तुळसाबाई आहेत आणि त्या मला लिंबाचं सरबत आणून देतात. मला.

तिला काही झालं तर मी काय करीन? साहेब म्हणाले, ‘‘मशीनच्या बाबतीत असं होतं गं.’’ मशीनच्या बाबतीत काही झालेलं नाही. मशीनने सांगितलं ते केलं.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

लिहिते आहे, पण अजून विश्वास बसत नाही.

सकाळी इस्पितळाच्या दारात बाबा. बरोबर खाकी पँटमधला एक दांडगा माणूस, अंगावर गोणपाटाचे धागे चिकटलेले. बाबा म्हणाले, ‘‘ह्यो रामू.’’ बस्स, एवढंच.

रामू शिवडीच्या गोदामात टेम्पो चालवतो. म्हणजे गुणवंतीच्या कोळीवाड्यापासून हाकेच्या अंतरावर! ताईंनी त्याला बघितलं आणि भिंतीला टेकल्या. रक्त घेतलं, जुळलं, ऑपरेशन झालं. पुण्याच्या रक्तपेढीतून एक पिशवी दुपारी आली, तीही लागली. गुणवंती वाचली. मुलगी झाली, जरा हलकी आहे, पण रडते ठणठणीत.

बाबांनी रामूला कसा शोधला ते रामूनेच सांगितलं. ‘‘मामा रोज गावगावच्या खोल्या हिंडत होते. डिलाइल रोड, लालबाग, काळाचौकी.’’ कोकणातल्या एकेका गावाची मुंबईत एकेक खोली असते, गावचे गडी तिथे पथारी टाकतात. बाबा एकेका खोलीत जाऊन विचारत होते, भायखळ्याला राहायचा तो बदलीवाला रामू तुमच्या गावचा काय? असे बरेच रामू निघाले म्हणे. प्रत्येकाला रक्ताचा गट विचारला. एकाने तर पोलीस बोलावतो म्हणून दम दिला.

पाय मोकळे करूक!

२९ ऑक्टोबर, शनिवार

संध्याकाळी तुळसाबाई घरी आल्या. चार जिने चढून, डोक्यावर पाटी. ताजे सरंगे, ह्या हातापेक्षा मोठे. मी नको नको म्हणत होते. त्यांनी माझे दोन्ही गाल हातांत धरले, हाताला मासळीचा आणि बर्फाचा वास.

‘‘तुझ्या मशिनीनं मानूस शोधला गो बाय. माझी सून वाचवलीस. पोरीचं नाव मीनाक्षी ठेवतावं.’’

बाबा खिडकीपाशी बसलेले. मी त्यांच्याकडे बघितलं, ते बाहेर बघत राहिले. ‘‘मशीनने नाही शोधला, मावशी,’’ मी म्हटलं. ‘‘मशीनमध्ये काही नव्हतंच. मी घालवलं होतं. शोधला तो बाबांनी.’’ तुळसाबाईंना मी विनयाने बोलतेय असं वाटलं. हसल्या, पाठीवर थाप मारली आणि गेल्या. आता ती पोर जन्मभर माझं नाव घेऊन फिरणार.

त्या गेल्यावर मी सरंगे घेऊन मोरीत बसले. बाबा येऊन शेजारी पाटावर बसले, सुरी घेतली, खवलं काढायला लागले. 

‘‘बटण मी दाबूक लावलंय,’’ बाबा म्हणाले.

माझा हात थांबला. ‘‘तुम्हाला कधी कळलं?’’

‘‘त्याच दिसाक.’’

‘‘कुठल्या?’’

‘‘खंडेनवमीक. हात लावलंय तेव्हा धग होती. आतून घरघर येय होती. साच्यावर जन्म गेलो माझो, चालता मशीन माका कळणा नाय काय? भरल्या ताण्यावर साचो कोण बंद करीत नाय, धागो तुटता. तुका इचारूक होया होता. पण इतक्या वर्षांनी पूजा करूक गावली. म्हटलंय, एक दिस बंद रवला तर काय व्हता?’’ त्यांनी सुरी खाली ठेवली. ‘‘ती पोर मेली असती गो. माझ्या हारापायी.’’

‘‘बाबा, हारापायी नाही.’’ मी म्हटलं. ‘‘पुसून टाक हे मी लिहिलं होतं. तुमच्या पूजेच्या आधीच लिहिलं होतं. आणि बॅकअप झाला की नाही ते बघायला हार काढावा लागला असता, म्हणून मी बघितलंच नाही.’’

‘‘म्हंजे हारच झालो.’’

‘‘नाही बाबा. बघायचं माझं काम होतं.’’

ते माझ्याकडे बघत होते. पटलं नाही त्यांना. मलाही त्यांचं पटलेलं नाही. म्हणजे गेले पाच दिवस एकाच खोलीत आम्ही दोघं तेच ओझं घेऊन झोपत होतो, एकमेकांना कळू नये म्हणून. माझ्यापायी दुसऱ्याच माणसाच्या कंबरेच्या चाव्या गेल्या ते वेगळंच.

मी म्हटलं, ‘‘गणपतला वाटतंय त्यानेच केलं. ताईंनापण. उद्या परळला जाऊन दोघांनाही सांगणार आहे.’’

बाबांनी सरंग्याचे तुकडे पाण्यातून काढले, मीठ-हळद लावली, हात धुतले. दोन तुकडे डब्यात वेगळे ठेवले.

‘‘हे गणपताक,’’ म्हणाले. ‘‘मी पण येतंय.’’